चूक भाजकात आहे: ग्रंथालयाच्या शाखांचा नकाशा कसा वाचायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शिकागो पब्लिक लायब्ररीच्या शाखांचे पत्ते आणि देवघेवीचे आकडे तुम्ही शहराच्या खुल्या डेटा पोर्टलवरून घेतले. ८१ ठिकाणं क्यूजीआयएस या नकाशांच्या (जीआयएस) सॉफ्टवेअरमध्ये टाकली, प्रत्येकीभोवती एक मैलाचं वर्तुळ काढलं, आतली लोकसंख्या मोजली आणि देवघेवीला लोकसंख्येने भागून क्रम लावला. डाउनटाउनमधलं मुख्य ग्रंथालय सगळ्यांत वर आलं आणि दक्षिणेकडच्या काही शाखा तळाशी गेल्या. तळाच्या शाखांना प्रकल्प अहवालात ‘कमी कार्यक्षम’ म्हणायचं का, आणि पुढे काय करायचं, हे तुम्ही विचारताय.

तसं म्हणू नका. तुमच्या आकडेमोडीत चूक नाही, चूक भाजकात आहे. वर्तुळात राहणारा प्रत्येक माणूस त्या शाखेचा वाचक आणि वर्तुळाबाहेरचा कोणीच नाही, असं तुम्ही नकळत धरून चाललात. हे किती ताणलेलं आहे ते साध्या हिशेबाने दिसतं. एक मैल त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस मैल होतं. अशी ८१ वर्तुळं म्हणजे जवळपास २५४ चौरस मैल. शिकागो शहराची जमीनच मुळात २२८ चौरस मैलांच्या आसपास आहे. म्हणजे काही माणसं तुम्ही दोनदा-तीनदा मोजली आणि काहींना एकदाही मोजलं नाही. दाट वस्तीत शाखा जवळजवळ असतात, तिथे प्रत्येकीच्या नावावर तीच माणसं पुन्हा पुन्हा लागली आणि भागाकार उगाच लहान आला.

दुसरी गोष्ट अशी की शाखेचा ठिपका इमारत कुठे आहे ते सांगतो, वाचक कुठून येतो ते सांगत नाही. देवघेवीचा आकडा पुस्तक ज्या काउंटरवरून गेलं त्या शाखेच्या खात्यात पडतो. नोकरीच्या वाटेवर पुस्तक घेणारा माणूस राहतो एकीकडे आणि नोंदला जातो दुसरीकडे. म्हणून ‘कोणती शाखा चांगली’ हा प्रश्न बाजूला ठेवा. खरा प्रश्न असा: या जागी, एवढे तास उघड्या असणाऱ्या, एवढ्या मोठ्या शाखेकडून किती वापराची अपेक्षा ठेवणं रास्त आहे, आणि प्रत्यक्ष वापर त्यापासून किती दूर आहे?

कोणता वापर मोजायचा हे मात्र तुमच्या उद्देशावर ठरतं. पुस्तकसंग्रहाबद्दल बोलायचं असेल तर देवघेव घ्या. जागा, खुर्च्या, कर्मचारी यांबद्दल बोलायचं असेल तर येणाऱ्यांची संख्या घ्या. पोर्टलवर शाखानिहाय भेटींचे आणि संगणक-वापराचेही संच आहेत, तेही उतरवा. ज्या वस्तीत घरी इंटरनेट कमी आहे तिथली शाखा देवघेवीत तळाला आणि संगणक-वापरात वर असू शकते. एकाच आकड्यावर क्रम लावला तर अशा शाखेवर अन्याय होतो. तिन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय कुठल्याही शाखेबद्दल विशेषण वापरू नये, असं माझं मत आहे.

आता कामाकडे. पहिला दिवस डेटा साफ करण्यात जातो आणि तो जाऊ द्या.

पोर्टलवर ठिकाणाचा स्तंभ बहुधा कंसात ‘अक्षांश, रेखांश’ असा मजकूर म्हणून येतो. जीआयएसला आधी क्ष, म्हणजे रेखांश लागतो. अदलाबदल झाली तर शिकागोच्या शाखा अंटार्क्टिकात दिसतात. रेखांशाचं ऋणचिन्ह गळालं तर त्या चीनच्या शिनजियांगमध्ये, उरुमचीच्या दक्षिणेला जातात. या दोन चुका ओरडून सांगतात, म्हणून त्यांची भीती नाही. भीती आहे ती ठिपका शहरातच पण दोन किलोमीटर सरकलेला असण्याची. शिकागोत ती पकडायला पत्ताच उपयोगी पडतो. शहराच्या पत्त्यांचा शून्यबिंदू स्टेट आणि मॅडिसन या रस्त्यांच्या चौकात आहे आणि साधारण ८०० घरक्रमांकांना एक मैल होतो. उत्तरेकडची सुल्झर प्रादेशिक शाखा ४४५५ नॉर्थ लिंकनवर आहे. ४४५५ भागिले ८०० म्हणजे साडेपाच मैलांहून किंचित जास्त, सुमारे नऊ किलोमीटर. ठिपका मॅडिसन रस्त्याच्या तेवढा उत्तरेला दिसला पाहिजे. दक्षिणेकडे ३१व्या रस्त्यापर्यंतचे पहिले तीन मैल या हिशेबात बसत नाहीत, त्यापुढे पुन्हा ८००ला मैल. म्हणून ९५२५ साउथ हॅल्स्टेडवरची वूडसन प्रादेशिक शाखा अकरा मैलांवर येते. सगळ्या ८१ पत्त्यांची अशी तपासणी एका सूत्रात होते. अर्ध्या मैलाहून जास्त फरक आला तेवढेच पत्ते हाताने बघायचे.

अंतर मोजण्याआधी प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत, बदला. शिकागोच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे ८३ किलोमीटर भरतो आणि अक्षांशाचा १११. अंशांतच ‘वर्तुळ’ काढलं तर जमिनीवर ते लंबवर्तुळ होतं. मीटरमध्ये काम करायचं तर ईपीएसजी २६९१६ घ्या (ईपीएसजी हा प्रक्षेपणांचा क्रमांक). शहराचे बरेच नकाशे ३४३५मध्ये, म्हणजे इलिनॉय पूर्व राज्य-प्रणालीत असतात आणि तिचं एकक फूट आहे. तिथे बफरला, म्हणजे ठिपक्याभोवतीच्या वर्तुळाला, मीटर समजून १६०० लिहिलं की मैल मिळत नाही, अर्धा किलोमीटर मिळतो. नकाशा दिसायला ठीकच दिसतो, म्हणून ही चूक अहवाल छापून होईपर्यंत लक्षात येत नाही.

मग शाखांच्या तारखा. नाव तेच आणि जागा वेगळी, असं घडलेलं आहे. नॉर्थटाउन शाखा ६४३५ नॉर्थ कॅलिफोर्नियावर होती. २०१९ साली ती ६८०० नॉर्थ वेस्टर्नवरच्या नव्या इमारतीत गेली, सरळ रेषेत सुमारे एक किलोमीटर. त्याच वर्षी इंडिपेन्डन्स शाखेला नवी जागा मिळाली आणि रूझवेल्टच्या जागी लिटल इटली आली. या तिन्ही इमारतींत ग्रंथालयाबरोबर राहण्याची घरंही आहेत. चायनाटाउन शाखा २०१५ साली वेंटवर्थवरच, पण दुसऱ्या इमारतीत गेली. लेगलर २०२० मध्ये प्रादेशिक शाखा झाली. आजच्या ठिपक्याला २०१३चा आकडा जोडला तर तुम्ही त्या काळी नसलेल्या इमारतीचा अभ्यास करत असता. यावर उपाय एकच आहे: शाखांचा वेगळा तक्ता करायचा. त्यात कोड, नाव, कधीपासून, कधीपर्यंत, अक्षांश, रेखांश, क्षेत्रफळ आणि आठवड्याचे तास हे स्तंभ ठेवा, आणि जोडणी नावावर न करता कोड आणि महिना यांवर करा.

महिन्यांच्या स्तंभांतलं शून्य म्हणजे बंद शाखा आहे, बिघडलेला मोजणी-यंत्राचा डोळा आहे की न भरलेला रकाना आहे, हे प्रत्येक शून्यासाठी ठरवा. वर्षाची बेरीज न घेता शाखा प्रत्यक्ष उघडी होती त्या महिन्यांची सरासरी घ्या. २०२० हे वर्ष क्रमवारीसाठी वापरूच नका. मार्च २०२० पासून शाखा बंद होत्या आणि उघडल्यावरही वापर पूर्वीसारखा नव्हता. ऑक्टोबर २०१९ मध्ये शिकागोने उशिराचा दंड रद्द केला आणि मुदतवाढही आपोआप होऊ लागली. मुदतवाढ देवघेवीत धरली जात असेल तर त्या महिन्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे एकाच मापाचे राहत नाहीत. डिजिटल पुस्तकं, संकेतस्थळावरून केलेली मुदतवाढ अशा ओळी असतील तर त्यांना जागा नसते. त्या बाहेर काढा, नाहीतर जिओकोडर (पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढणारं साधन) त्यांना शहराच्या मध्यभागी नेऊन ठेवेल.

दुसरा टप्पा वर्तुळाच्या जागी प्रवासाचा वेळ आणण्याचा, आणि सगळ्यांत जास्त फरक इथेच पडतो. शिकागोचे रस्ते काटकोनात असल्यामुळे प्रत्यक्ष चाल सरळ रेषेपेक्षा दीडपटीपर्यंत, खरं तर कर्णावर १.४ पट, होते. त्यात डॅन रायन महामार्ग, नदीच्या शाखा आणि रेल्वेची मोठी यार्डं आहेत. टोकाचं उदाहरण घ्या. दक्षिण सीमेजवळ ऑल्टगेल्ड शाखा ९५५ पूर्वेला आहे आणि हेगविश ३०४८ पूर्वेला, दोन्ही १३०व्या रस्त्याच्या आसपास. क्रमांकांच्या हिशेबाने हे अंतर सव्वाचार किलोमीटर. पण मध्ये महामार्ग, कॅलुमेट नदी, दलदल आणि जुन्या कचराभूमी आहेत. नकाशावर या दोघी शेजारी आहेत, शाळेतून सुटलेल्या मुलासाठी त्या दोन वेगळ्या गावांत आहेत. एक बंद केली तरी दुसरी आहे, हा निष्कर्ष वर्तुळातून निघतो आणि तो चुकीचा आहे. मला या विषयात सगळ्यांत जास्त काळजी याच निष्कर्षाची वाटते, कारण तो एखाद्याच्या टेबलावर जाऊन खरंच शाखा बंद करू शकतो.

करायचं असं: ओपनस्ट्रीटमॅपवरून पायवाटांचं जाळं घ्या, ओएसएमएनएक्स या साधनाने ते पायथन या प्रोग्रामिंग भाषेत सहज येतं. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरा, लहान मुलं आणि वृद्ध डोळ्यांसमोर असतील तर १ मीटर. १५ मिनिटांत माणूस साधारण एक किलोमीटर जातो. शिकागोत चारपैकी सुमारे एका घरात गाडी नाही, त्यामुळे बस आणि ‘एल’ (शहरी रेल्वे) गाड्या धराव्याच लागतात. सीटीएचं, म्हणजे या बस-रेल्वे सेवेचं, वेळापत्रक जीटीएफएस या ठरावीक फाइल-स्वरूपात मिळतं आणि प्रवासाची मिनिटं काढणारं आरफाइव्हपाय हे साधन ते वाचतं. एकच निघण्याची वेळ देऊ नका. ३:०१ला बस चुकली तर १५ मिनिटं वाढतात आणि तुमचा नकाशा त्या एका मिनिटावर लटकतो. शाळा सुटल्यानंतरचे दोन तास घ्या, दर दहा मिनिटांनी निघून पाहा आणि मधला आकडा ठेवा.

निघण्याचे बिंदू कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. शहरात आठशेच्या आसपास जनगणना-ट्रॅक्ट, म्हणजे जनगणनेचे छोटे विभाग, आहेत. ट्रॅक्टचा भूमितीय मध्य जॅक्सन पार्क किंवा लिंकन पार्कच्या हिरवळीत पडला तर तिथून कोणीच निघत नाही. म्हणून ब्लॉक पातळीची लोकसंख्या घेऊन प्रत्येक ट्रॅक्टचा लोकसंख्येने तोललेला मध्य काढा. आठशे बिंदू गुणिले ८१ शाखा म्हणजे पासष्ट हजारांच्या आत जोड्या. साध्या लॅपटॉपला हे काम जड नाही. ७७ कम्युनिटी एरिया हे एकक मात्र टाळा. ती विभागणी १९२०च्या दशकातली आहे आणि शिकागोत सगळे तिच्या भाषेत बोलतात, म्हणून अहवालातली नावं तिच्यातून घ्या. मोजणी तिच्यात केली तर रस्त्यापलीकडची शाखा ‘दुसऱ्या भागातली’ ठरते.

आता माणसं वाटायची. एक माणूस एका शाखेला पूर्ण देऊन टाकण्यापेक्षा त्याची ओढ वाटून द्या. डेव्हिड हफ यांनी १९६०च्या दशकात दुकानांसाठी मांडलेलं सूत्र इथे नीट बसतं: शाखेचा आकार भागिले अंतराचा वर्ग, आणि त्या माणसाच्या आवाक्यातल्या सगळ्या शाखांच्या बेरजेत तिचा वाटा. समजा एका वस्तीपासून १ किलोमीटरवर १५,००० चौरस फुटांची शाखा आहे आणि ३ किलोमीटरवर ६०,००० चौरस फुटांची. पहिलीची ओढ १५,०००, दुसरीची ६०,००० भागिले ९, म्हणजे ६,६६७. वस्तीतले ६९ टक्के पहिलीकडे, ३१ टक्के दुसरीकडे. प्रत्यक्षात अंतराच्या जागी मिनिटं घाला. वर्ग हाच घात कायम धरू नका. १.५ आणि २.५ घालूनही पाहा. घात बदलल्यावर ज्या शाखांचा क्रम उलटतो त्यांच्याबद्दल ठाम विधान करायचं नाही, एवढा नियम पाळा. सगळे वाटे बेरजेला घेतले की शहराची लोकसंख्या, २०२०च्या जनगणनेत २७,४६,३८८, तीच परत यायला हवी. ती आली नाही तर कुठेतरी माणूस दोनदा मोजलाय किंवा गळलाय.

‘टू-स्टेप फ्लोटिंग कॅचमेंट’ नावाची पद्धतही तुमच्या वाचनात येईल. ती २००३ साली शिकागो परिसरातल्याच डॉक्टरांच्या उपलब्धतेसाठी वापरली गेली. ‘कोणत्या वस्तीला ग्रंथालय कमी पडतंय’ असा वस्तीच्या बाजूने प्रश्न असेल तेव्हा ती वापरा. तुमचा प्रश्न शाखेच्या बाजूने आहे, म्हणून हफ पुरेसा आहे.

इथपर्यंत आल्यावर हातात काय आहे ते बघू: तारखांसह स्वच्छ शाखा-तक्ता, प्रवासाच्या मिनिटांचा तक्ता, आणि प्रत्येक शाखेच्या वाट्याला आलेली माणसं. हाच नवा भाजक. पण त्याने लगेच भागू नका.

आधी चार शाखा बाजूला काढा. १९९१ साली उघडलेलं हॅरल्ड वॉशिंग्टन लायब्ररी सेंटर, म्हणजे डाउनटाउनमधलं मुख्य ग्रंथालय, शाखांच्या रांगेत बसत नाही. तिथे येणारे त्या भागात राहत नाहीत, कामाला किंवा शिकायला येतात. त्याचं मोजमाप करायचंच असेल तर जनगणना विभागाच्या ‘लोड्स’ डेटातून ब्लॉकनिहाय नोकऱ्यांची संख्या घ्या. सुल्झर, वूडसन आणि लेगलर या प्रादेशिक शाखांचीही तुलना एकमेकींशी करा, कोपऱ्यावरच्या शाखेशी नको. उरलेल्या सत्याहत्तर शाखांवर साधं लॉग-रेषीय प्रतिगमन, म्हणजे इतर आकड्यांवरून वापराचा अंदाज देणारं समीकरण, बसवा. डावीकडे महिन्याची सरासरी देवघेव, उजवीकडे वाट्याची लोकसंख्या, आठवड्याचे उघडे तास, क्षेत्रफळ, १८ वर्षांखालच्यांचं प्रमाण आणि फार तर गाडी नसलेल्या घरांचं प्रमाण. पंधरा शाखांमागे एक चल (उजवीकडचा एक घटक) हा माझा ठोकताळा आहे. बारा चलं घातली की आकडे सुंदर बसतात आणि त्यांचा अर्थ काहीच उरत नाही. वय आणि गाड्यांचे आकडे अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेच्या पाच वर्षांच्या संचातून घ्या आणि त्रुटीची मर्यादा सोबत ठेवा. लहान ट्रॅक्टमध्ये ती मूळ आकड्याच्या अर्धी असू शकते.

या प्रतिगमनातून प्रत्येक शाखेचा अपेक्षित आकडा मिळतो. प्रत्यक्ष भागिले अपेक्षित काढा. ०.८ ते १.२५च्या मधल्या शाखांना हात लावू नका, त्या आपल्या जागी ठीक आहेत. बाहेरच्यांची यादी करा. मग उरलेले फरक नकाशावर टाका आणि प्रत्येक शाखेच्या जवळच्या पाच शेजारणी धरून मोरानचा आय काढा; जवळजवळच्या ठिकाणांचे आकडे एकमेकांसारखे आहेत का, ते हा निर्देशांक सांगतो. तळाच्या शाखा एकाच पट्ट्यात गोळा झाल्या असतील तर दोष त्या शाखांचा नाही. त्या पट्ट्यातली एखादी गोष्ट तुमच्या समीकरणात आलेली नाही: शाळा बंद झाल्या, बस कमी झाली, घरात बोलली जाणारी भाषा आणि कपाटातली भाषा जुळत नाही. हद्दीवरच्या शाखांना आणखी एक अडचण असते. ओक पार्क, इव्हॅन्स्टन या हद्दीलगतच्या गावांची स्वतंत्र ग्रंथालयं आहेत आणि हद्दीजवळचे वाचक तिकडेही जातात. ती ग्रंथालयं ओढीच्या हिशेबात स्पर्धक म्हणून घाला, मात्र त्यांच्या देवघेवीचे आकडे मिसळू नका.

अहवालात या यादीतल्या प्रत्येक शाखेसमोर निकाल न लिहिता एक प्रश्न लिहा, आणि तो तिथल्या ग्रंथपालांना विचारता येईल असा असू द्या. ‘दुपारी तीन ते पाच गर्दी असते का?’, ‘राखीव ठेवलेली पुस्तकं घ्यायला बाहेरचे लोक येतात का?’, ‘लिफ्ट किती महिने बंद होती?’ ज्या फरकाचं कारण समीकरणाला सापडत नाही ते अनेकदा काउंटरवर बसलेल्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येतं.

वाचकांच्या घराचे पत्ते मिळाले तर काम सोपं होईल, असं तुम्ही शेवटी म्हटलंय. काम सोपं होईल, तरी ते मागू नका. कोण काय वाचतो आणि कुठे राहतो ही माहिती इलिनॉयमध्ये कायद्याने गोपनीय आहे आणि ती तशीच राहावी. ग्रंथालय तयार असेल तर ट्रॅक्टनिहाय सभासदसंख्या मागा, आणि दहापेक्षा कमी आकडा असलेले रकाने त्यांनीच झाकून द्यावेत अशी विनंती करा. तेवढ्यावर हफचा घात तपासून घेता येतो.

हेच पुण्या-मुंबईसाठी करायचा विचार असेल तर एक फरक आधी ओळखा. महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं १९६७च्या कायद्याखाली मान्यता मिळालेल्या स्वतंत्र संस्था आहेत, अ, ब, क, ड वर्गांतल्या. त्या एका यंत्रणेच्या शाखा नाहीत. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी, १८९८पासूनची आणि शहरभर शाखा असलेली संस्था हा अपवाद. म्हणून एकाच संस्थेच्या शाखा किंवा एकाच वर्गाची ग्रंथालयं घेऊन तुलना करा. ‘मारुती मंदिरासमोर, पहिला मजला’ हा पत्ता जिओकोडरला सापडणार नाही. दारात उभं राहून फोनवरून पाच दशांश स्थळांपर्यंत अक्षांश-रेखांश लिहून आणा, तेवढे आकडे एका मीटरपर्यंत पुरतात, फोनची स्वतःची चूक मात्र काही मीटरची असते. प्रक्षेपण ईपीएसजी ३२६४३ घ्या, पुणे, मुंबई आणि गोवा तिन्ही त्यात बसतात. लोकसंख्येसाठी २०११च्या जनगणनेचे प्रभाग वापरावे लागतील, आणि हडपसर-वाकडसारख्या भागांत त्यानंतर इतकी घरं उभी राहिलीत की तो आकडा आहे तसा घेतला तर तिथलं प्रत्येक वाचनालय वाचकांनी ओसंडतंय असं दिसेल.